दुभाष्यावाचून अडलेले यंत्र

शाळेच्या वार्षिक अंकात शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे शिस्त, वाचन अथवा वेळेचा सदुपयोग यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा एक अलिखित संकेत आहे. यंदा तो मोडून मी एका लॅपटॉपविषयी लिहिणार आहे. मी कला शाखेचा पदवीधर; मराठी व इतिहास शिकवतो; घरातील विजेचा दिवा बदलतानाही माझा हात कचरतो. तेव्हा यंत्रांविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा आव मी आणीत नाही. परंतु गेल्या नोव्हेंबरात माझ्याच हातून एका विद्यार्थिनीचे यंत्र अडून बसले, ते सोडविण्यात माझ्या तीन संध्याकाळी खर्ची पडल्या, आणि त्या तीन संध्याकाळींत माझी काही मते बनली. ती वाचकांपुढे ठेवावी एवढाच हेतू.

हकीकत अशी. दहावीच्या वर्गातील या मुलीचा मामा तारवटी, म्हणजे परदेशी जहाजावर नोकरीस आहे. त्याने आपला जुना लॅपटॉप भाचीस दिला होता. त्यात विंडोज १० होती. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या आवृत्तीची सर्वसाधारण मदत थांबविली, आणि पुढची विंडोज ११ चालण्याइतका हा लॅपटॉप नवा नव्हता. यंत्र धडधाकट, परंतु त्याच्या मालकाने हात काढून घेतलेला! अशा यंत्रांवर लिनक्स घालावी, ती विनामूल्य मिळते व जुन्या यंत्रावरही बरी चालते, असे मी शिक्षकांच्या खोलीत बऱ्याच दिवसांपासून बोलत होतो. मुलीने ते कोठून तरी ऐकले आणि ती लॅपटॉप घेऊन आली. शाळेच्या कपाटात २०२१ साली उतरवून ठेवलेली डेबियन लिनक्सची पेन ड्राइव्ह होती. दोन तासांत काम झाले. पडदा स्वच्छ दिसू लागला, मराठी अक्षरे सुरेख उमटली, आणि मला क्षणभर आपण कोणी तरी मोठे आहोत असे वाटले.

तेवढ्यात तिने विचारले, "सर, वायफाय खंय?"

वायफाय नव्हते. ज्या कोपऱ्यात त्याचे चिन्ह असावयास हवे तेथे काहीच नव्हते. सकाळी विंडोजवर चालणारे वायफाय दुपारी लिनक्सवर नाहीसे झाले होते आणि ते मी नाहीसे केले होते. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. ती काजूच्या कारखान्यात जाते. त्या दिवसाची अर्धी मजुरी बुडवून आली होती. ती रागावली नाही. शहरातील एका दुकानदाराने कार्ड मेले आहे, नवे घालून विंडोज बसवून देतो, साडेतीन हजार रुपये पडतील असे सांगितले आहे, आता काय करावे, एवढेच तिने विचारले. ती विंडोज विकत घेतलेली असणार की कोणाची तरी नक्कल, हे मी तिला विचारले नाही. तिच्याजवळ साडेतीन हजार नव्हते आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लॅपटॉपच्या पोटात पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी अशी एक पट्टी असते, तिला वायरलेस कार्ड म्हणतात. हे कार्ड हवेतील लहरी ग्रहण करते. परंतु संगणकाची प्रणाली व हे कार्ड यांची भाषा एक नसते. त्यांच्यामध्ये बोलणे घडवून आणणारा जो छोटासा कार्यक्रम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा शब्द आपल्या मुलांची फार दिशाभूल करतो. कदंबाच्या बसवर बसतो तो ड्रायव्हर गाडी हाकतो. संगणकातला ड्रायव्हर हाकीत काहीच नाही, तो दुभाष्याचे काम करतो. दुभाषी म्हणजे काय हे गोव्यातील माणसाला समजावून सांगणे न लगे. माझे आजोबा घरी कोंकणी बोलत, मराठीत पोथी वाचीत व हिशेब लिहीत. परंतु १९६१ पूर्वी कचेरीत अर्ज द्यावयाचा तर तो पोर्तुगीजमध्ये हवा असे. आजोबांचे म्हणणे रास्त, कचेरीतला अधिकारी कदाचित भला. परंतु मधला लिहून देणारा भेटला नाही तर जमिनीचा कागद वर्षभर हलत नसे. तो न हललेला कागद म्हणजेच हे न चालणारे वायफाय.

दुभाष्याच्या कामात आणखी एक भानगड आहे. पुष्कळशा कार्डांच्या आत स्वतःचा एक लहानसा मेंदू असतो आणि त्याला दर वेळी यंत्र सुरू होताना त्याचा पाठ शिकवावा लागतो. त्या पाठाला फर्मवेअर म्हणतात. ड्रायव्हर हजर आहे, परंतु पाठाची वहीच सापडत नाही, अशी स्थिती असली तरी कार्ड मुकेच राहते. आणि ड्रायव्हर व फर्मवेअर दोन्ही असूनही कोणी कार्डाच्या तोंडाला कुलूप घातले असेल तर तिसरीच तऱ्हा. दुकानदाराने 'कार्ड मेले' म्हटले तेव्हा या तिहींपैकी काय घडले हे त्याने पाहिलेच नव्हते. वैद्याने नाडी न पाहता तेराव्याची तयारी सुरू करावी, तसे ते झाले.

नाडी पाहण्याची रीत अशी. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडावी व एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरे सलग लिहून, जागा सोडून, 'उणे के' असे लिहावे. यंत्राच्या पोटातील सर्व पट्ट्यांची यादी पडद्यावर येते, आणि प्रत्येक पट्टीखाली तिला लागणाऱ्या ड्रायव्हरचे नाव येते. (कार्ड बाहेरून यूएसबीने लावलेले असेल तर पी, सी, आय यांच्या जागी यू, एस, बी लिहावे व 'उणे के' गाळावे.) आमच्या यादीत कार्ड स्पष्ट दिसत होते. म्हणजे मेलेले नव्हते! मेलेले कार्ड बहुधा आपले नाव सांगत नाही. मी ती ओळ मुलीला मोठ्याने वाचावयास लावली व तिच्या आईला निरोप धाडला की साडेतीन हजार कोणालाही देऊ नयेत.

पुढची आज्ञा डी-मेसेज. यंत्र सुरू झाल्यापासून प्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, जी जी टिपणे केली ती सारी या आज्ञेने दिसतात. मात्र डेबियनमध्ये त्यासाठी व्यवस्थापकाचा परवाना लागतो. शेकडो ओळी आल्या. पहिल्या संध्याकाळी मी त्या पाहूनच घाबरलो व खिडकी बंद केली. हे येथे मुद्दाम कबूल करतो, कारण माझे विद्यार्थी व्याकरणाचा उतारा पाहून नेमके हेच करतात आणि मी त्यांना रागे भरतो. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ओळीमागून ओळ वाचली, आणि एका ओळीवर मुलीचे बोट थांबले. अमुक नावाचे फर्मवेअर चढविण्याचा प्रयत्न फसला, एरर उणे दोन, असा तिचा आशय होता. उणे दोन हा काही मंत्र नव्हे. या प्रणालीत दोन क्रमांकाच्या चुकीचा अर्थ ठरलेला आहे: मागितलेली फाइल त्या जागी नाही. झाले! पाठाची वही नाही, आणि कोणती वही नाही तिचे नावही त्याच ओळीत छापलेले. यंत्र दोन दिवस एकच वाक्य सांगत होते, आणि दुकानदार, मी, मुलगी व तिची आई यांपैकी कोणीच ते वाचले नव्हते.

वही आणावयाची कोठून? इंटरनेटवरून. आणि इंटरनेट कशाने? वायफायने. येथे पुष्कळांचा धीर सुटतो. परंतु साधा उपाय आहे: मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलमधील 'यूएसबी टेथरिंग' चालू करावे, तेवढ्यापुरता मोबाइलच लॅपटॉपची तार होतो व त्याला वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही. मग डेबियनच्या भांडारांच्या यादीत 'नॉन-फ्री' हा शब्द घातला, ज्या पुडीत ते फर्मवेअर होते ती उतरवून घेतली, आणि यंत्र पुन्हा सुरू केले.

तो 'नॉन-फ्री' शब्द लिहिताना माझे मन किंचित अडखळले. येथे किमतीचा प्रश्न नाही. ती पुडी फुकटच मिळते. अर्थ असा की, कंपनीने हा पाठ वापरावयास दिला आहे, परंतु तो कसा लिहिला आहे हे पाहू दिलेले नाही. लिनक्सचा सारा डोलारा तर 'पाहू द्यावे' या एका तत्त्वावर उभा आहे. लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने १९९१ साली कर्नेलची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली, तेव्हापासून तिची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते. वायरलेस कार्ड बनविणाऱ्या काही कंपन्या मात्र आपल्या कार्डाशी कसे बोलावे हे बराच काळ सांगावयास तयार नव्हत्या. ब्रॉडकॉमच्या कार्डांचा इतिहास प्रसिद्ध आहे. त्यांसाठी लिनक्सचा ड्रायव्हर कंपनीने दिला नाही, तेव्हा काही स्वयंसेवकांनी दोन तुकड्या केल्या. एका तुकडीने उपलब्ध ड्रायव्हर उलगडून कार्ड कशाला कसे उत्तर देते याचे वर्णन लिहिले. दुसऱ्या तुकडीने मूळ ड्रायव्हर डोळ्यांनी न पाहता, केवळ त्या वर्णनावरून नवा लिहिला, म्हणजे नक्कल केल्याचा आळ येऊ नये! २००६ च्या जूनमध्ये तो कर्नेलमध्ये दाखल झाला. कंपनीने स्वतः आपल्या नव्या कार्डांचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० च्या सप्टेंबरात. उलट अथेरोस या कंपनीने २००८ सालीच आपल्या नव्या कार्डांचा खुला ड्रायव्हर दिला, आणि त्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या, लॅपटॉपच्या आत बसविलेल्या कार्डांना बाहेरून फर्मवेअरची वहीसुद्धा लागत नाही. तेव्हा हे अशक्य होते असे कोणी सांगू नये.

या कामात ज्यांनी वर्षानुवर्षे हात घातला त्यांत लॅरी फिंगर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. ते संगणकाचे अभियंते नव्हेत. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत ते स्फटिकांचा अभ्यास करीत. एल साल्वाडोरमधील इझाल्को ज्वालामुखीवर सापडलेल्या एका खनिजाला त्यांच्या नावावरून 'फिंगराइट' म्हणतात. निवृत्त होऊन माणसाने नातवंडे खेळवावी त्या वयात हा मनुष्य ब्रॉडकॉम व रियलटेक यांच्या कार्डांचे ड्रायव्हर सुधारीत व अनोळखी लोकांच्या अडचणींना उत्तरे देत बसला. २०२४ च्या जूनमध्ये ते वारले. आमच्या त्या लॅपटॉपच्या कार्डाशी त्यांचा संबंध होता असे मी म्हणत नाही. परंतु इतिहासाच्या तासाला मी सेनापतींची व तहांची जी नावे पाठ करून घेतो, त्यांच्या शेजारी हे नाव ठेवावे असे मला प्रामाणिकपणे वाटते, आणि पुढील वर्षी ठेवणार आहे.

तर प्रश्न असा की, बंद डब्यातले फर्मवेअर वापरावे की नाही? कडव्या मंडळींचे म्हणणे, वापरू नये. खुल्या ड्रायव्हरचे दुसरे कार्ड विकत घ्यावे. त्यांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. परंतु काजूच्या कारखान्यातील मजुरीतून ते कार्ड कोणी घ्यावयाचे? निष्ठेची किंमत दुसऱ्याच्या खिशातून वसूल करणे मला बरे दिसत नाही. डेबियनच्या मंडळींनीही या प्रश्नावर अनेक वर्षे वाद घातला. त्यांच्या अधिकृत संचात असे फर्मवेअर नसे, म्हणूनच आमची २०२१ ची पेन ड्राइव्ह मुकी निघाली. शेवटी २०२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी मतदान घेऊन ठरविले की, अधिकृत संचातच ते द्यावे. मात्र त्याची कोठडी वेगळी ठेवावी. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून तसे होत आहे. म्हणजे मी आळस न करता नवी आवृत्ती उतरवून घेतली असती तर हा लेखच जन्मास आला नसता! मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि त्यातही वेगळी कोठडी ठेवण्याचा भाग अधिक योग्य वाटतो. उसने घ्यावे, परंतु ते उसने आहे हे वहीत नोंदलेले असावे. त्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये काय उसने आहे, हे तिला आज ठाऊक आहे.

हकीकत मात्र अद्याप संपलेली नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले, चुकीची ओळ नाहीशी झाली, वायफायचे चिन्हही आले. आणि वायफाय चालेना. ही तिसरी संध्याकाळ. मी ड्रायव्हर काढला, पुन्हा चढविला. पुडी काढली, पुन्हा घातली. असे सव्वा तास चालले. माझ्या कपाळावर घाम आला. शेवटी 'आरएफकिल लिस्ट' अशी एक आज्ञा असल्याचे आठवले. तिने दोन उत्तरे दिली: सॉफ्ट ब्लॉक नाही, हार्ड ब्लॉक आहे. सॉफ्ट म्हणजे प्रणालीने घातलेले कुलूप. ते आज्ञेने निघते. हार्ड म्हणजे खरेखुरे, हाताने फिरवावयाचे. मी याचा अर्थ लावीत असताना मुलगी लॅपटॉप उचलून त्याच्या कडा न्याहाळीत होती.

"सर, हें कितें?"

लॅपटॉपच्या पुढच्या कडेला नखाएवढे एक सरकते बटण होते. दुकानात नेताना किंवा दप्तरात ते सरकले असावे. तिने ते दुसरीकडे सरकविले. वायफाय चालू झाले. मी चहा मागविला.

शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट सांगितली तेव्हा माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला? हे तंत्रज्ञाचे काम. मुलांनी अभ्यास करावा." हे मत पुष्कळ पालकांचेही असेल, म्हणून त्याला उत्तर देतो. संगणकाच्या तासाला आपण मुलांना शिकवतो ते बटणांचे भूगोलशास्त्र: हे येथे दाबा, ते तेथे दिसेल. बटण जागचे हलले की मूल निराधार. याच्या उलट, यंत्र काय म्हणते ते शब्दशः वाचणे, त्यातील नेमके वाक्य निवडणे, त्याचा अर्थ लावणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, हे जर अभ्यासात बसत नसेल तर अभ्यास म्हणजे काय हे मला कोणी तरी सांगावे. केरळच्या सरकारी शाळांत जवळजवळ दोन दशके मुले मुक्त प्रणालींवरच संगणक शिकत आहेत. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने डेबियनच्याच आधारे 'बॉस' नावाची भारतीय भाषांतील प्रणाली केली आहे. साधनांची वाण आपल्याकडे नाही.

सहकाऱ्यांच्या म्हणण्यात एक मुद्दा मात्र खरा आहे, तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. कर्नेलची टिपणे इंग्रजीत असतात. खिडक्या व याद्या मराठीत दिसतात. परंतु यंत्र अडखळले की इंग्रजीत बोलू लागते. मराठी माध्यमातील मूल तेथेच दबकते. परंतु ती इंग्रजी काही साहित्यिक नव्हे. फेल्ड, नॉट फाउंड, ब्लॉक्ड, लोडेड, अनसाइन्ड अशा पंधरा-वीस शब्दांत तिचा संसार चालतो. ते शब्द मराठी अर्थासह एका कागदावर लिहून संगणकाच्या खोलीत लावणे हे एका दुपारचे काम आहे, आणि ते इंग्रजीच्या नव्हे, मराठीच्या शिक्षकाने करावे.

कर्नेलच्या बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरविषयी एक इशारा देतो. शाळेच्याच दुसऱ्या एका लॅपटॉपला तसा ड्रायव्हर लागला. डिसेंबरात प्रणाली अद्ययावत केली आणि वायफाय गेले. कारण असे की, बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नेलसाठी नव्याने बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस नावाची सोय आपोआप करते. परंतु त्यासाठी त्या कर्नेलची हेडर्स नावाची पुडी हजर लागते, आणि ती मी घातली नव्हती. शिवाय यंत्रात 'सिक्युअर बूट' चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर पहारेकरी आत घेत नाही. सहीची किल्ली एकदा यंत्रात नोंदवावी लागते. हे सर्व जमते, परंतु दर खेपेस जीव टांगणीला लागतो. म्हणून जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्या पालकांना माझे सांगणे: दुकानात रंग व आकार पाहण्यापूर्वी लिनक्सची पेन ड्राइव्ह खिशातून न्यावी, संच न बसविता नुसती तिच्यावरून प्रणाली चालवून पाहावी, आणि वायफाय आपोआप दिसले तरच पैसे मोजावे. दुकानदार कुरकुर करील. करू द्यावी.

त्या मुलीने आता एक वही केली आहे. कोणती ओळ दिसली, तिचा अर्थ काय, काय केले व काय झाले, असे चार रकाने आहेत. पहिल्या पानावर मी घातलेला सव्वा तासही तिने इमानाने नोंदविला आहे. शाळेच्या कपाटात विंडोज १० चे आणखी चार लॅपटॉप धूळ खात पडले आहेत. येत्या शनिवारपासून दुपारी दोन वाजता ते एकेक करून उघडावयाचे ठरले आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी पालकांना विचारून यावे, आणि चार्ज केलेला एक मोबाइल व डेटा जाणारी यूएसबी केबल बरोबर आणावी. नुसत्या चार्जिंगची केबल चालत नाही, हे आम्हांला दुसऱ्या संध्याकाळी वीस मिनिटे घालवून कळले.